नावं ठेवणारी शालन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बीन्सच्या शिरा काढल्या. ऑगस्ट होता. कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेला आमचा जमिनीचा तुकडा आहे, त्यात रनर बीन्स इतक्या आल्या होत्या की शेजारी, मंदिरात, डॉक्टरच्या रिसेप्शनवरच्या बाईला, सगळ्यांना वाटूनसुद्धा पाटी भरलेली. शालन सुरीनं शिरा काढत होती, मी तुकडे करत होतो. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला होता आणि फोनमध्ये आमचा नातू ईशान होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली चड्डी. तो त्याचं भाषण म्हणून दाखवत होता.

इथल्या लग्नात नवऱ्याला भाषण करावं लागतं. आपल्याकडे नवरा गप्प बसतो, पुढं आयुष्यभर तेच करायचं असतं. इथं जेवण झालं की चमच्यानं ग्लास वाजवतात, नवरा उठतो, बायकोचं कौतुक करतो, सासूसासऱ्यांचे आभार मानतो आणि आपल्या माणसांना चार शब्द बोलून रडवतो. ईशानचं लग्न ऑक्टोबरात होतं. मुलगी मेगन, इथलीच, कार्डिफची, शाळेत शिकवते. ईशान बँकेत कॉम्प्युटरवर काम करतो, तिथं तो दिवसभर बोलतो म्हणे, पण या भाषणाला घाबरला होता. म्हणून दर रविवारी तो शालनला म्हणून दाखवायचा. शालन चौथीपर्यंत शिकलेली. भाषण इंग्रजीत. तरी तिलाच.

तो म्हणाला, मेगन म्हणजे मी पाहिलेली सगळ्यात मायाळू मुलगी. शालननं सुरी थांबवली.

"पुढे?"

"पुढे काय, आजी?"

"नुसतं चांगलं बोलून सोडलंस? एक खोट सांग तिच्यात."

"आजी, वेडिंग स्पीच आहे."

"म्हणूनच सांगते. एवढी माणसं बसलेली असणार. पाय मोठे आहेत तिचे, ते सांग."

ईशान म्हणाला ते सांगता येणार नाही, मार पडेल. मग दोघांत बराच वेळ सौदा चालला. शेवटी चहाच्या ओल्या पिशव्या सिंकमध्ये तशाच टाकते, यावर ठरलं. मेगनच्या आईचं कौतुक आलं, तिच्यात खोट घातली. बापाचं आलं, त्याच्यात घातली. बीन्सच्या शिरा काढाव्यात तसं ती भाषण साफ करत होती.

मग त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, आता माझी आजी. शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी उभी असायची, कोटाच्या आत चपातीची गुंडाळी धरून, म्हणजे ती गरम राहील. पावसात सगळ्या आया गाडीत बसून असत आणि ही बाहेर. तो एवढंच म्हणाला होता. शालननं सुरीचं टोक फोनकडे केलं.

"तेवढं काढ."

"आजी, तो बेस्ट पार्ट आहे."

"काढ म्हणते ना. माझं कौतुक मी मेल्यावर कर."

ईशान हसला. मीपण हसलो. तिनं माझ्या ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तुकडे म्हशीला घालायचेत का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढताना ती पडली. हॉस्पिटलात नेली, पण तोंडातून शब्द नाही. दोन-तीन दिवसांत गेली. ती पडली त्या सकाळी चहाच्या वेळी आम्ही काहीतरी बोललो असणार, पण काय ते आठवत नाही. तेव्हा मी म्हशीचंच वाक्य शेवटचं धरून चालतो.

मग माणसं यायला लागली. मंडळाची माणसं, मंदिरातली माणसं, ती पूर्वी कामाला होती त्या हॉस्पिटलातल्या जुन्या बायका. जो येईल तो सोफ्यावर बसून म्हणायचा, देवमाणूस होत्या हो. कुणी म्हणालं, कधी कुणाला वाकडं बोलल्या नाहीत. मी ऐकत होतो. बाई जिवंत होती तेव्हा यांच्यातल्या एकालाही तिनं वाकडं बोलायचं सोडलं नव्हतं. मंडळाच्या सेक्रेटरीनं दिवाळी अंकासाठी श्रद्धांजली लिहून आणली आणि मला वाचून दाखवली. मितभाषी, सोशिक, मनमिळाऊ. मी म्हणालो, ही कोण? तो गडबडला. आमची मुलगी लता म्हणाली, बाबा, असं काय करता, ते चांगलंच लिहितायत ना. मी म्हणालो, चांगलं लिहितायत तेच तर. तिला बाहेर ठेवून भलतीलाच चितेवर घातलं तुम्ही. लता म्हणाली, मग तुम्ही लिहा.

म्हणून लिहितोय. मी सातवी शिकलो, रत्नागिरीकडचा. बोटीवर इंजिनात कोळसा-तेल बघायला लागलो, कार्डिफच्या बंदरात उतरलो आणि परत चढलो नाही. पोलादाच्या कारखान्यात लागल्यावर गावी जाऊन लग्न केलं आणि शालनला घेऊन आलो. आपली एवढीच ओळख पुरे.

शालन नावं ठेवायची. माणसाला, मुलाला, भाजीला, देवळातल्या प्रसादाला. चांगलं दिसलं की त्यातली खोट शोधायची आणि ती मोठ्यानं सांगायची. लोकांना वाटायचं, बाई तोंडाची फटकळ. ती फटकळ होती हे खरंच. पण त्याच्यामागं तिचा हिशेब होता. चांगल्याला चांगलं म्हटलं की त्याला दृष्ट लागते. खोट काढून ठेवली की दृष्टीला धरायला जागा मिळते, माणूस वाचतो. जे आवडत नसेल त्याला ती नावं ठेवायचीच नाही. मंडळाच्या एका माजी अध्यक्षाला ती कायम म्हणायची, छान आहात तुम्ही. तो बिचारा खूश व्हायचा.

लग्न झालं त्या वर्षी एकदा मी म्हणालो, हे हिरवं पातळ तुला शोभतं. तिनं आत जाऊन ते सोडलं आणि दुसरं नेसून आली. मी दोन दिवस विचार करत होतो की माझं काय चुकलं. मग कळलं. पुढं कधी ती नटून जिन्यावरून खाली आली की मी म्हणायचो, पदराला डाग आहे. ती पदर हातात घेऊन बघायची, डाग नसायचा, मग पर्स उचलून पुढं व्हायची. कधी मी बोलायचं विसरलो तर दारात थांबायची. "काय हो, काही दिसत नाही का?" असं विचारायची. मी म्हणायचो, पदराला डाग. मग निघायची.

लताच्या वेळची गोष्ट. लता बाबागाडीत होती, दोन-चार महिन्यांची. भिंतीपलीकडे ग्वेन राहायला आली होती, तेव्हा ओळख नव्हती. ग्वेननं गाडीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, किती सुंदर बाळ. शालनला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं. ती म्हणाली, "नो, नो. व्हेरी अग्ली." आणि रस्त्यात थू-थू करून गाडी पळवत घेऊन गेली. ग्वेन घाबरली. तिनं कुणाला सांगितलं, त्यांनी बाळांच्या घरी येणाऱ्या नर्सला सांगितलं. नर्स आली. खुर्ची पुढं ओढून बसली आणि हळू आवाजात शालनला विचारायला लागली, बाळ तुला आवडतं का. शालनला वाटलं, ही सरकारची बाई, हिची नजर तर फारच मोठी. तिनं होते नव्हते ते सगळे इंग्रजी शब्द गोळा केले. बेबी नो गुड. नोज बिग. व्हेरी ब्लॅक. नर्स लिहून घेत होती.

मी पाळी संपवून घरी आलो तेव्हा नर्सचा चहा गार झाला होता आणि चेहरापण. माझं बोटीवरचं इंग्रजी, त्यात निम्म्या शिव्या. त्या गाळून गाळून मी तिला दृष्ट म्हणजे काय ते सांगितलं. तिला पटायला वेळ लागला. पण बाई शहाणी. निघताना दारात थांबली, लताकडे नीट पाहिलं आणि शालनला म्हणाली, "अगदीच साधारण आहे हं मुलगी." शालन इतकी खूश झाली की डब्यातले सगळे लाडू तिच्या पिशवीत घातले. माझे होते ते लाडू.

ग्वेनपण शिकली. पुढं ईशान झाला, लता हॉस्पिटलात शिफ्टला, म्हणून शाळेनंतर तो आमच्याकडेच. ग्वेन कुंपणावरून हाक मारून म्हणायची, आज तुमचा ईशान अगदी भयंकर दिसतोय, लव्ह. शालन हसून तिला कोथिंबीर द्यायची.

शालन हॉस्पिटलातल्या शिवणखोलीत कामाला होती. फाटलेल्या चादरी, गाऊन, पडदे, सगळं तिथं जायचं. नव्या जन्मलेल्या बाळांसाठी पांढऱ्या टोप्या शिवायचं कामपण तिच्याकडं. प्रत्येक टोपीत आतल्या बाजूला, कानाच्या मागं येईल असा, ती काळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची. आपल्याकडं बाळाला काजळाची तीट लावतात ना, तसं. गोऱ्या बाळांना काजळ कोण लावणार, मग टाका. मुकादमीणबाईनं एकदा पकडलं, हा काळा दोरा कसला. शालननं सांगितलं, माझी चूक. पुढच्या टोपीत परत चूक. त्या बाईनं शेवटी नाद सोडला. या गावात आज पन्नाशीला आलेली माणसं बसमध्ये दिसतात, तेव्हा मला वाटतं, यांच्यातल्या किती जणांच्या कानामागं शालनचा टाका होता, आणि यांना पत्ता नाही.

एवढं करूनही कुणी कौतुक केलंच, तर मग दृष्ट काढणं आलं. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या, माणसावरून ओवाळायच्या, तोंडानं काहीतरी पुटपुटायचं आणि जुन्या लोखंडी तव्यावर टाकायचं. तवा तापलेला. मिरची जळली की पॅसेजमधला धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा. म्हणून माझं काम ठरलेलं. तिनं मूठ आवळली की मी टॉवेल घेऊन अलार्मखाली उभं राहायचं आणि झटकत राहायचं. ती काय पुटपुटते ते मला कधी ऐकू आलं नाही, कारण मी कायम अलार्मखाली. ठसका लागला तर दृष्ट नव्हती आणि नाही लागला तर होती, असं म्हणतात. शालनचं तसं नव्हतं. आम्ही सगळे खोकून लाल झालो तरी ती म्हणायची, बघा किती लागली होती. भिंतीपलीकडे ग्वेनला अलार्म ऐकू जायचा आणि तिला कळायचं, आज कुणीतरी ईशानला चांगलं म्हणालंय.

माझ्या निवृत्तीला कारखान्यात छोटा समारंभ झाला. मॅनेजर कागद घेऊन उभा राहिला आणि वाचायला लागला की हा माणूस कधी उशिरा आला नाही, कधी कुणाशी भांडला नाही, असा कामगार पुन्हा मिळायचा नाही. मी शालनकडे बघत होतो. तिचा चेहरा बदलत चालला होता. शेवटी तिनं वर्गात करतात तसा हात वर केला. मॅनेजर थांबला. शालन म्हणाली, "सर, ही स्नोअर्स." म्हणजे मी घोरतो. सगळी शेड हसली. मॅनेजरला वाटलं झालं, तो परत वाचायला लागला तर ही परत उभी. "अँड कॅनॉट हँग टॉवेल." टॉवेल वाळत घालता येत नाही. त्या मॅनेजरला कागदावरची जागा परत सापडलीच नाही. लोक पुढं बरीच वर्षं रस्त्यात भेटून मला टॉवेलचं विचारत.

आणि मी घोरत नव्हतो. घोरायची ती.

तर लग्नाचं. शालन गेल्यावर लता म्हणाली, पुढं ढकलू. वर्षाच्या आत घरात मंगल कार्य नको, असं मंडळातल्या दोघा-तिघांनी तिच्या कानात घातलं होतं. माझ्यापुढं कुणी बोलत नव्हतं. मी वरच्या खोलीत गेलो आणि शालननं शिवणमशीनवर टाकून ठेवलेलं ईशानचं जाकीट घेऊन आलो. बिनबाह्यांचं, सुटाच्या आत घालायचं. तिनं ते कमरेत घेतलं होतं आणि आत डाव्या बाजूला अस्तरात काळा टाका घातला होता. मी ते लतासमोर टेबलावर ठेवलं. म्हणालो, तिचं काम झालंय, आता तुम्ही का थांबताय. लतानं टाका बघितला आणि तारीख बदलली नाही.

पण ईशानचं भाषण अडलं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तो एकटा आला, शालनच्या खुर्चीत बसायला गेला, मग दुसऱ्या खुर्चीत बसला. बराच वेळ मेगनच्या मामाचं, हॉटेलचं काहीतरी सांगत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, आजी म्हणाली होती, मी मेल्यावर कर. ती जोक करत होती. आता मी ते म्हटलो तर म्हणजे... देन इट्स ट्रू, ना. आणि नाही म्हटलो तर पण बरोबर नाही वाटत."

त्याचं मराठी असंच आहे, पण मला सगळं समजलं. कारण माझीपण तीच भीती होती. श्राद्ध झालं, राख समुद्रात सोडली, बँकेतलं नाव काढलं, सगळं मी केलं आणि मला काही झालं नाही. पण त्या हॉलमध्ये एवढ्या लोकांसमोर आमच्या घरातलं कुणी उठून शालनला नुसतं चांगलं म्हणणार, पुढं खोट न लावता, हे मला ऐकवणार नव्हतं. बाहेरच्यांनी म्हटलं ते सोडा. त्यांना आमचा नियम माहीत नव्हता. ईशानला माहीत होता. ज्याला जपायचं त्यालाच नावं ठेवायची असतात. त्यानं तिला जपायचं सोडलं म्हणजे ती खरंच राहिली नाही.

मी नको म्हणालो असतो तर पोरानं ऐकलं असतं. पण भाषण त्याचं होतं, आणि ते तपासायचं काम शालननं माझ्याकडं कधी दिलं नव्हतं. मी म्हणालो, "तुझं तू बघ. पण देवमाणूस म्हणालास तर मी उठून जाईन."

तो म्हणाला, "प्रॉमिस."

समुद्राकाठचं हॉटेल होतं. सकाळी आपल्या पद्धतीनं लग्न लागलं, अक्षता पडल्या, दुपारी त्यांच्या पद्धतीनं जेवण. मला पुढच्या टेबलावर बसवलं होतं, एका बाजूला ग्वेन, दुसऱ्या बाजूला खुर्ची रिकामी. लतानं ती मुद्दाम ठेवली होती. वेटर तिच्यापुढंपण सूप ठेवून गेला, मग दुसरा वेटर घेऊन गेला.

आधी मेगनचा बाप बोलला. मग ईशान उठला. पहिलंच वाक्य म्हणाला, माझी बायको आणि मी, तर सगळा हॉल ओरडला, टेबलं बडवली. मी दचकलो. ग्वेन म्हणाली, घाबरू नको, हे इथं असंच करतात.

तो हातात कागद न घेता बोलत होता. म्हणाला, भाषणाच्या आधी आमच्या घरचा नियम सांगतो. आमच्या घरी ज्याच्यावर माया असते त्याच्यातली खोट काढतात. चांगल्या माणसाला नुसतं चांगलं म्हटलं तर त्याला काहीतरी होतं, अशी माझ्या आजीची खात्री होती. तेव्हा आज मी ज्यांना नावं ठेवीन त्यांनी समजून घ्यावं. आणि सुरू झाला. मेगन जगातली सगळ्यात मायाळू मुलगी आहे आणि चहाच्या ओल्या पिशव्या सिंकमध्ये टाकते. मेगन उठून म्हणाली, खोटं आहे. तिची आई म्हणाली, खरं आहे. हॉल हसायला लागला. सासू पियानो छान वाजवते, पण गाणं कुठलं ते वाजवून झाल्यावर सांगावं लागतं. सासरा असा माणूस की शब्द दिला की पाळतो, फक्त रग्बीची टीम निवडताना अक्कल गहाण ठेवतो. आई, म्हणजे आमची लता, तिनं रात्ररात्र वॉर्डात काढून मला वाढवलं, आणि फोन करते तो नेमका मी अंघोळीला गेल्यावर. या लोकांना असली थट्टा आवडतेच, त्यांना वाटलं भाषण फार गमतीचं आहे. मला प्रत्येक खोटीत शालनची सुरी दिसत होती.

मग माझ्याकडे वळला. म्हणाला, माझे आजोबा हा कार्डिफमधला सगळ्यात खरा माणूस आहे, पण त्यांना टॉवेल वाळत घालता येत नाही. सगळे हसले. मला बरं वाटलं. मला जपून ठेवलं होतं.

मग तो थांबला. लोक अजून हसत होते ते हळूहळू थांबले. त्याचा हात जाकिटाच्या आत गेला, डाव्या बाजूला. लोकांना वाटलं असेल, कागद काढतोय. त्यानं काही काढलं नाही. अस्तरावर बोट ठेवून उभा राहिला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून इंग्रजीत म्हणाला,

"माझ्या आजीत आता काहीच खोट नाही."

एवढंच. शाळेचं फाटक नाही, चपाती नाही. नियम त्यानं आधीच सांगून ठेवला होता, त्यामुळं सगळ्या हॉलला समजलं, मेगनच्या दूरच्या मामालासुद्धा. कुणीतरी नाक ओढलं. मग त्यानं ग्लास उचलला, आजी म्हणाला, आणि सगळे उठून आजी म्हणाले, प्रत्येकाचा उच्चार वेगळा. मी बसून राहिलो. माझ्या पुढ्यात नॅपकिनचा पक्षी करून ठेवला होता. मी त्याची घडी मोडून तो सपाट केला आणि परत घडी घालायला लागलो. पोरानं शब्द पाळला होता, देवमाणूस म्हणाला नव्हता. मला उठून जायला कारण नव्हतं.

नंतर नाचगाणं सुरू झालं आणि माणसं माझ्यापाशी येत राहिली. ओळखीची नव्हेत, मेगनकडची. किती छान असणार तुमच्या मिसेस. किती गोड. आम्हाला भेटायला हवं होतं त्यांना. मी थँक्यू म्हणत होतो. लतानं बाजूच्या खोलीत पोरा-पोरीची दृष्ट काढली. हॉटेलात शेगडी कुठली, टेबलावरच्या मिठाच्या कागदी पुड्या फोडून ओवाळल्या आणि बेसिनमध्ये सोडल्या. मी दारात उभा होतो. टॉवेलचं काही काम नव्हतं. मग पोरं विमानतळावर गेली आणि लतानं मला घरी आणून सोडलं. म्हणाली, बाबा, आज आमच्याकडे झोपा. मी नको म्हणालो.

सकाळी उठलो, चहा केला, प्यालो. पुढच्या खोलीत शालनचा फोटो आहे. लतानं निवडलेला, ईशानच्या पदवीच्या दिवशीचा, हिरव्या साडीतला. हार सुकला होता तो काढला. मला राहून राहून कालचा हॉल आठवत होता. एवढी माणसं एका वेळी उभी राहून तिला चांगलं म्हणाली, आणि रात्रभर ती तशीच राहिली. कुणी काही केलं नव्हतं.

मीठ ओट्यावरच होतं. मोहऱ्या शोधायला वेळ लागला, तिच्या बरण्यांना नावं नाहीत. मिरच्या मिळाल्या. लोखंडी तवा गॅसवर ठेवला, तापू दिला, मूठ आवळून फोटोसमोर गेलो. पुरुष दृष्ट काढत नाहीत, पण बघायला होतं कोण. डोक्यापासून खाली ओवाळायला लागलो आणि लक्षात आलं की शब्द मला येत नाहीत. मी कायम अलार्मखाली. मग मला जे येत होतं ते म्हणालो.

"घोरायचीस तू. मी नव्हे."

परत ओवाळलं.

"लाडू माझे होते."

तिसऱ्यांदा ओवाळताना साडीकडे पाहिलं.

"पदराला डाग आहे."

आत जाऊन मूठ तव्यावर सोडली. मोहऱ्या तडतडल्या, मिरची काळी पडली, धूर वर चढला आणि पॅसेजमध्ये अलार्म सुरू झाला. भिंतीपलीकडे ग्वेनला ऐकू गेलाच असेल. गॅस बंद करता आला असता, खिडकी उघडता आली असती. पण अलार्म वाजला की माझं काम ठरलेलं आहे. मी टॉवेल घेतला आणि पॅसेजमध्ये जाऊन माझ्या जागेवर उभा राहिलो.